तारकांच्या प्रकाशाचा हिशेब : डॉ. मेघनाद साहा

ढाक्याजवळच्या एका खेड्यात ६ ऑक्टोबर १८९३ रोजी एका छोट्या दुकानदाराच्या घरी मेघनाद साहा यांचा जन्म झाला. पुढील शाळा गावापासून दूर; एका डॉक्टरांनी घरात आश्रय दिला म्हणून ते शिकू शकले. १९०५ मध्ये वंगभंगाच्या चळवळीत गव्हर्नरांच्या भेटीवर बहिष्कार घातल्याने त्यांना शिष्यवृत्ती गमवावी लागली. कोलकात्याच्या वसतिगृहात जातीमुळे त्यांना पंक्तीपासून दूर ठेवले गेले. हा अपमान ते अखेरपर्यंत विसरले नाहीत.

सूर्याच्या बाह्य थरांत आयनीभूत कॅल्शियमच्या रेषा ठळक का दिसतात, हे त्या काळचे कोडे होते. १९२० मध्ये साहांनी त्याची उकल मांडली. तापमान वाढले, तसेच दाब कमी झाला, की अणूतून इलेक्ट्रॉन सुटण्याचे प्रमाण वाढते. म्हणजेच वर्णरेषा ठळक असली म्हणून मूलद्रव्य विपुल आहे, असे म्हणता येत नाही. प्रयोगशाळेची साधने तुटपुंजी असताना केलेले हे काम होते. याच समीकरणाच्या आधारे हार्वर्डमध्ये सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये तारे मुख्यत्वे हायड्रोजनचे असल्याचा निष्कर्ष काढला. तो प्रथम अविश्वसनीय ठरवण्यात आला आणि काही वर्षांतच मान्य झाला. साहांना नोबेल मात्र मिळाले नाही.

पुढे त्यांनी कोलकात्यात अणुभौतिकीची संस्था उभारली. १९५२ मध्ये ते अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले आणि पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्षही झाले. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जाताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

रेषेची प्रखरता आणि द्रव्याचे प्रमाण यांतील हा भेद आज दूरच्या दीर्घिकांतही कामी येतो. नवे तारे रेणुरूप हायड्रोजनच्या थंड मेघांतून जन्मतात. पण इतक्या थंडीत तो रेणू जवळपास प्रकाशहीन असतो. त्यामुळे चिलीतील ‘अल्मा’सारख्या दुर्बिणी कार्बन मोनॉक्साइडचा आणि अलीकडे अणुरूप कार्बनचाही शोध घेतात. कार्बनच्या दोन रेषा मुळात ४९२ आणि ८०९ गिगाहर्ट्झच्या. विश्वाच्या प्रसरणामुळे त्या आपल्यापर्यंत कमी कंप्रतेच्या होऊन पोहोचतात. दोहोंच्या प्रखरतेचे गुणोत्तर वायूचे तापमान सांगते आणि त्यावरून कार्बनचे प्रमाण काढता येते.

साहांचे समीकरण या थंड मेघांना जसेच्या तसे लागू पडत नाही. तिथे इलेक्ट्रॉन मुख्यत्वे ताऱ्यांच्या अतिनील किरणांमुळे सुटतात, वायूच्या स्वतःच्या उष्णतेमुळे नव्हे. तापमान आधी वेगळे काढून मगच द्रव्य मोजायचे, ही शिस्त मात्र तीच आहे. खरी अडचण त्यानंतरची : हायड्रोजनच्या तुलनेत कार्बनचे प्रमाण किती धरायचे? दूरच्या, कमी विकसित दीर्घिकांत जड मूलद्रव्ये कमी असू शकतात. तिथे आपल्या आकाशगंगेतील प्रमाण वापरले, तर वायूचा साठा प्रत्यक्षापेक्षा कमी भरेल.