लोहाराचा मुलगा : मायकेल फॅरडे

मायकेल फॅरडे म्हटले की आपल्याला वीज आठवते. जनित्र, विद्युत्‌-चलित्र, रोहित्र या ज्या यंत्रांवर आजचे जग चालते, त्यांच्या मुळाशी त्याचे शोध आहेत. शालेय पुस्तकांतून त्याची ओळख होते ती एवढीच. परंतु याच फॅरडेने आपल्या ऐन उमेदीच्या चार वर्षांतला मोठा वाटा चाकू-वस्तऱ्यांच्या पोलादासाठी भट्टीपुढे बसून खर्च केला, आणि त्या खटपटीला निमित्त झाले ते आपल्या देशातल्या अनाम कारागिरांचे पोलाद, ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. त्या प्रयत्नाला त्याच्या हयातीत मोठे यश आले नाही. तरीही फॅरडे हा माणूस कसा घडला हे समजून घ्यायचे असेल तर ऐरणीपासूनच सुरुवात केली पाहिजे.

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनलगतच्या न्यूइंग्टन येथे झाला. वडील जेम्स फॅरडे हे लोहार. इंग्लंडच्या उत्तर भागातले आपले गाव सोडून ते पोटासाठी लंडनला आले होते. पुढे हे कुटुंब शहरातल्या एका तबेल्यावरच्या खोल्यांत राहू लागले. लहानगा मायकेल एकदा वडिलांच्या कामाच्या जागेवरच्या माळ्यावर खेळत असताना तिथल्या भोकातून खाली कोसळला. वडील ऐरणीवर वाकलेले होते. पोर त्यांच्या पाठीवर पडले म्हणून वाचले, अशी आठवण चरित्रकारांनी नोंदवून ठेवली आहे.

त्या पाठीनेच घरही तोलून धरले होते; परंतु ती फार काळ तग धरू शकली नाही. जेम्स यांची प्रकृती वरचेवर बिघडू लागली. लोहाराच्या घरी घण थांबला की चूल थांबते. १८०१ साली इंग्लंडात धान्य अतोनात महागले, तेव्हा नऊ वर्षांच्या मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येत असे, आणि तोच आठवडाभर पुरवावा लागे. शिक्षण म्हणावे तर लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशेब. १८१० साली वडील वारले. थोरला भाऊ रॉबर्ट याने वडिलांचाच धंदा धरला होता.

मायकेलची वाट मात्र वेगळी पडली. १८०४ साली तो जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला आणि पुढच्याच वर्षी त्याच दुकानात सात वर्षांच्या कराराने पुस्तकबांधणी शिकू लागला. दिवसा जी पुस्तके बांधायची तीच रात्री वाचायची, असा क्रम सुरू झाला. ज्ञानकोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या लेखिकेचे रसायनशास्त्रावरचे संवादरूप पुस्तक यांनी त्याला वेड लावले. शहरातल्या शास्त्रविषयक व्याख्यानांची एका वेळची फी एक शिलिंग होती. ती लोहारकाम करणाऱ्या भावाने आपल्या कमाईतून भरली. एका भावाच्या हातोडीने दुसऱ्याच्या हाती वही दिली, असे म्हटले तर चूक होणार नाही.

१८१२ साली एका गिऱ्हाइकाच्या कृपेने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे मिळाली. त्याने ती व्याख्याने टिपून घेतली, स्वच्छ लिहून काढली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने बांधली आणि नोकरीच्या अर्जासह डेव्ही यांच्याकडे पाठवून दिली. पुस्तकबांधणीची कला अशी कामी आली! १ मार्च १८१३ रोजी आठवड्याला २५ शिलिंग पगारावर तो तेथे प्रयोगशाळेतला मदतनीस झाला. त्याच वर्षी डेव्ही दांपत्याबरोबर त्याला युरोपचा दीड वर्षाचा प्रवास घडला. त्या प्रवासात थोर शास्त्रज्ञांचे दर्शन झाले, आणि डेव्हीबाईंच्या लेखी आपण केवळ नोकर आहोत हा अनुभवही पदरी आला.

आता पोलादाकडे वळू. त्यासाठी आपल्याला थोडे मागे, आणि तेही मुंबईला जावे लागेल.

१७९४ च्या सुमारास मुंबईत कंपनी सरकारच्या नोकरीत असलेल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे एका देशी पोलादाचे नमुने पाठवले. इंग्रज त्याला ‘वूट्झ’ म्हणत. कानडीतल्या ‘उक्कु’ म्हणजे पोलाद या शब्दाचा हा अपभ्रंश असावा असे मानतात. ते मुंबईतच तयार होते असा तिकडे समज झाला होता. प्रत्यक्षात अशा पोलादाच्या भट्ट्या म्हैसूर, सेलम, तेलंगण अशा दक्षिणेकडच्या मुलखांत होत्या. तेथील कारागीर लोखंडाचे तुकडे आणि लाकूड-पाला मातीच्या मुशीत घालून मूस लिंपून बंद करीत आणि भाते चालवून ती तासन्‌तास तापवीत. मूस फोडली की आत मुठीएवढी पोलादाची ढेप मिळे. तिच्यापासून घडवलेल्या पात्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. दिमिष्कच्या ज्या तलवारींचा जगभर दबदबा होता त्यांचे पोलाद हेच, किंवा याच जातीचे. डॉ. जॉर्ज पिअर्सन यांनी या नमुन्यांवरचा निबंध १७९५ साली रॉयल सोसायटीपुढे मांडला. त्यांच्या सांगण्यावरून वूट्झचा चाकू घडवून पाहणारा कसबी माणूस होता लंडनचा जेम्स स्टोडार्ट. शस्त्रवैद्यांची हत्यारे, चाकू आणि वस्तरे बनविणे हा त्याचा धंदा होता.

चाकू घडविणे वरवर पाहता सोपे वाटते. लोखंड तापवा, ऐरणीवर धरा, घाव घाला! परंतु लोहाराला विचारले तर तो सांगेल की खरे काम डोळ्यांचे आहे. साधे लोखंड पांढरेफटक होईपर्यंत तापवले तरी घाव सोसते. वूट्झमध्ये शेकडा सुमारे दीड भाग कार्बन असल्याने ते तितके तापवून ठोकले तर ऐरणीवर चुरा होते. ते मंद लालीवरच, धीराने, हलक्या घावांनी लांबवावे लागते, आणि लाली उतरली की पुन्हा भट्टीत घालावे लागते. पात्याला आकार आला की त्याला पाणी द्यायचे, म्हणजे लाल पाते पाण्यात बुडवून कडक करायचे. पण असे पाते काचेसारखे ठिसूळ होते. म्हणून ते घासून लख्ख करायचे आणि पुन्हा मंद शेकायचे. मग त्याच्या अंगावर रंग चढू लागतात: आधी गवताच्या काडीसारखा फिका पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. वस्तऱ्याला फिकट पिवळ्यावर थांबायचे. कमान करायची असेल तर निळ्यापर्यंत जायचे. एक क्षण उशीर झाला की धार गेली. हे ज्ञान पुस्तकात बसत नाही. ते उस्तादाच्या शेजारी वर्षानुवर्षे उभे राहून डोळ्यांत आणि मनगटात उतरवावे लागते.

१८१८ च्या सुमारास हा मुरलेला कसबी स्टोडार्ट आणि सत्तावीस वर्षांचा फॅरडे एकत्र आले. वूट्झच्या अंगी ही धार कशामुळे येते, आणि दुसरे धातू मिसळून इंग्लंडचे पोलाद तसेच किंवा त्याहून सरस करता येईल का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये भात्याची भट्टी उभी राहिली. फॅरडेने वितळवायचे आणि पृथक्करण करायचे. तयार झालेले पोलाद घावाखाली कसे वागते, त्याला धार कशी लागते हे स्टोडार्टने आपल्या धंद्याच्या कसोटीवर पारखायचे. एकाकडे तराजू, दुसऱ्याकडे ऐरण! १८१९ च्या उन्हाळ्यात वेल्समध्ये पायी भटकंती करताना फॅरडे डाउलेसचा लोखंडाचा कारखानाही पाहून आला.

त्या भट्टीत त्यांनी काय काय घातले नाही? प्लॅटिनम, ऱ्होडियम, पॅलेडियम, चांदी, सोने, निकेल, क्रोमियम! ऱ्होडियमसारखा दुर्मीळ धातू वुलस्टन या शास्त्रज्ञाने पुरवला. पाचशे भाग पोलादात एकच भाग चांदी मुरते, त्याहून जास्त घातली तर ती निथळून बाहेर येते, हे त्यांना आढळले. तेवढ्या चांदीचे पोलाद मात्र उत्तम ठरले. १८२० आणि १८२२ साली दोघांच्या नावाने निबंध प्रसिद्ध झाले. काही मिश्रणे मोठ्या प्रमाणावर शेफील्डला ओतून पाहण्यात आली, आणि चांदीमिश्रित पोलादाचा तिथल्या धंद्यात काही काळ वापरही झाला. परंतु एवढे महागडे धातू घालून बाजारात टिकणारे पोलाद होणे कठीणच होते. १८२३ साली स्टोडार्ट वारला आणि काम थंडावले. फॅरडेच्या हाती उरले ते आपल्या पोलादाचे काही वस्तरे. ते तो पुढे मित्रांना भेट म्हणून देत असे.

वूट्झच्या गुणाचे कारणही त्याला नीट सापडले नाही. १८१९ च्या पृथक्करणात त्याला अॅल्युमिनियम व सिलिकॉन यांचे अंश आढळले आणि गुण त्यांचाच असावा असे त्याला वाटले. ते बरोबर नव्हते. त्याचे निबंध वाचून पॅरिसच्या टाकसाळीतल्या ब्रेआँ याने शेकडो प्रयोग केले आणि नक्षीचे मूळ कार्बनमध्ये आहे हे १८२३ साली दाखवून दिले. रशियात झ्लातोऊस्त येथे आनोसोव्ह यानेही अशा पोलादासाठी अनेक वर्षे वेचली. १९९८ साली अमेरिकेत प्राध्यापक व्हरहोवेन आणि पेंड्रे यांनी असे दाखवले की व्हॅनेडियमसारख्या धातूंचे अगदी सूक्ष्म अंश आणि पुनःपुन्हा मंद तापवून ठोकणे यांमुळे कार्बाइडचे कण ओळींत जमतात व नक्षी उमटते. यांतला पेंड्रे हा लोहार होता! म्हणजे पावणेदोनशे वर्षांनीही या कोड्याला तराजू आणि ऐरण ही जोडी पुन्हा जमवावी लागली.

मग फॅरडेची ती चार वर्षे वाया गेली का? मला तसे वाटत नाही. गणिताचे शिक्षण नसलेल्या या माणसाचे सारे बळ हातात आणि नजरेत होते, आणि भट्टीने ते अधिक पक्के केले. १८२७ साली त्याने प्रयोगशाळेतल्या हातकामावर एक मोठा ग्रंथ लिहिला. तोलणे, तापवणे, गाळणे, काच वाकवणे या गोष्टी त्यात त्याने बारकाईने सांगितल्या. इतर लोक ज्याला नोकराचे काम समजत, त्यालाच त्याने शास्त्राचा पाया मानले.

मधल्या काळात, जून १८२१ मध्ये, त्याने सारा बर्नार्ड हिच्याशी विवाह केला. तीही एका चांदी-कारागिराची मुलगी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चुंबकाभोवती विद्युत्‌वाहक तार फिरवून दाखवून त्याने विद्युत्‌-चलित्राचे बीज पेरले. पुढे २९ ऑगस्ट १८३१ हा दिवस उगवला. त्या दिवशी त्याच्यापुढे काय होते? मऊ लोखंडाचे एक कडे, सहा इंच व्यासाचे आणि जवळजवळ इंचभर जाड. लोखंडाची गोल कांब वळवून केलेल्या त्या कड्याच्या दोन बाजूंना त्याने तारा गुंडाळल्या, आणि एका बाजूचा प्रवाह जोडताना व तोडताना दुसऱ्या बाजूची सुई हलली. त्या सुईच्या हलण्यातून आजच्या वीजघरांचा जन्म झाला. लोहाराच्या मुलाच्या हातून निघालेला सर्वांत मोठा शोध लोखंडाच्या कड्यातूनच निघावा, हा योगायोग मोठा सुंदर आहे.

कीर्ती आली, मानसन्मान आले. त्याने सरदारकी नाकारली. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. मुलांसाठी नाताळात व्याख्याने देणे मात्र त्याला मनापासून आवडे. १८४० च्या सुमारास अतिश्रमाने त्याची प्रकृती ढासळली. १८४१ साली विश्रांतीसाठी तो स्वित्झर्लंडला गेला असता इंटरलाकेन येथे खिळे घडविणारे कारागीर त्याला दिसले. पन्नाशीला आलेला, सगळ्या युरोपने डोक्यावर घेतलेला हा शास्त्रज्ञ तेथे थांबला, ते काम त्याने कौतुकाने पाहिले, आणि रोजनिशीत लिहून ठेवले की लोहाराचे दुकान व लोहारकाम आपल्याला फार प्रिय आहे, कारण आपले वडील लोहार होते. मोठेपणी आपले मूळ लपवणारे पुष्कळ असतात. फॅरडेने ते मिरवले नाही आणि लपवलेही नाही, नुसते प्रेमाने नोंदवले.

२५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे, राणीने राहायला दिलेल्या घरात त्याने शेवटचा श्वास घेतला. त्याच्या पोलादाची गोष्ट मात्र संपली नव्हती. त्याच्या नावाची एक जुनी लाकडी पेटी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या मालकीची होती. तीत पोलादाचे ७९ नमुने होते. मँगनीज पोलादाचा शोध लावणारे सर रॉबर्ट हॅडफील्ड यांनी ते तपासले आणि १९३१ साली त्यावर ग्रंथच लिहिला. तोवर मिश्र पोलादाचे युग सुरू झालेले होते. आपण ज्या वाटेने चाललो तिच्यावर शंभर वर्षांपूर्वी फॅरडेची पावले उमटली आहेत, हे धातुशास्त्रज्ञांना तेव्हा उमगले.

फॅरडेचे चरित्र आपण कष्टाचा धडा म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्यासाठी त्यात आणखी एक बोच आहे. ज्या पोलादाचे कोडे उकलण्यासाठी युरोपातले बुद्धिमान लोक भट्टीपुढे बसले, ते घडवणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही. आपल्याकडे लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याने खळ्यावरचे बलुते न्यावे आणि विळे-नांगर शेवटून द्यावेत, एवढाच त्याचा गावाशी संबंध. ज्याच्या हाती पोथी होती त्याने त्याला काही विचारले नाही, आणि ज्याच्या हाती घण होता त्याला लिहिता येत नव्हते. परदेशी विलायती पोलाद आले, मुशी विझल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान त्या राखेखाली गेले. इंग्लंडात मात्र एका लोहाराच्या मुलाच्या हाती वही आली, आणि वही आल्यावरही त्याने ऐरणीकडे पाठ फिरवली नाही.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्या हाती वह्या आहेतच. गावच्या लोहारापुढे, चर्मकारापुढे, कुंभारापुढे घटकाभर बसून तो काय जाणतो हे विचारण्याचे आणि लिहून ठेवण्याचे काम आपलेही आहे. अजून काही भाते चालू आहेत.