अल्झायमर हे खरंतर एका डॉक्टरचं आडनाव आहे

अमक्याच्या आजोबांना अल्झायमर झालाय, असं आपण सहज बोलून जातो. ज्याच्या नावाने हा आजार ओळखला जातो, तो माणूस मात्र फारसा कुणाला माहीत नसतो.

अलोइस अल्झायमर. जन्म 14 जून 1864, जर्मनीतल्या बव्हेरियामधलं मार्क्टब्राइट. डॉक्टर झाल्यावर 1888 मध्ये तो फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात लागला. दिवसा रुग्ण तपासायचे आणि नंतर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं, हा त्याचा दिनक्रम. मेंदूच्या पेशी रंगवून दाखवणारा फ्रान्झ निस्ल तिथेच त्याचा सहकारी आणि जिवलग मित्र झाला.

1901 हे वर्ष त्याच्यासाठी वाईट उजाडलं. बायको सेसिली वारली, पदरात तीन मुलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 51 वर्षांची ऑगस्ट डेटर दवाखान्यात दाखल झाली. नवऱ्यावर संशय, घरात वस्तू लपवणं, काहीच लक्षात न राहणं. जेवताना ताटात फ्लॉवर आणि मांस होतं, पण काय खाताय असं विचारल्यावर तिने पालक सांगितलं. स्वतःचं नावही तिला पूर्ण लिहिता येईना. अल्झायमर हे सगळं टिपून ठेवत गेला. म्हातारपणी असं होतंच, हे तेव्हाचं उत्तर इथे लागू पडत नव्हतं. बाई म्हातारी नव्हतीच.

पुढे तो एमिल क्रेपेलिनकडे म्युनिकला गेला. तिथे सुरुवातीला तो बिनपगारी होता. श्रीमंत बायकोच्या मागे राहिलेल्या पैशावर घर चालायचं, म्हणून हे परवडलं. पण ऑगस्टला तो विसरला नाही. एप्रिल 1906 मध्ये ती गेली, तेव्हा त्याने तिचा मेंदू मागवून घेतला.

चांदीचे क्षार वापरून त्याने मेंदूचे पातळ काप रंगवले. पेशींच्या आत धाग्यांचा गुंता होता, बाहेर कसल्यातरी पदार्थाचे डाग. 3 नोव्हेंबर 1906 ला त्याने ट्युबिंगेनच्या परिषदेत हे मांडलं. सभागृहातून एकही प्रश्न आला नाही! शेवटी 1910 मध्ये क्रेपेलिनने आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला त्याचं नाव दिलं.

ते डाग आणि गुंते नेमके कशाचे, हे कळायला 1980चं दशक उजाडलं. आपल्या पेशींच्या आवरणात एपीपी नावाचं प्रथिन असतं. एन्झाइम कात्रीसारखे त्याचे तुकडे करत असतात, अगदी निरोगी मेंदूतही. कात्री एका जागी चालली तर त्रास नाही. दुसऱ्या जागी चालली की अमायलॉइड बीटा हा चिकट तुकडा सुटतो. एरवी मेंदू तो साफ करतो. सफाई कमी पडली की तुकडे एकमेकांना चिकटून पेशींबाहेर साचतात. हेच ते डाग. आतला गुंता टाऊ या प्रथिनाचा. पेशीत माल वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्यांना टाऊ आधार देतं. त्यावर फॉस्फेटचा भार वाढला की ते नळ्यांपासून सुटतं आणि त्याचेच धागे एकमेकांत अडकतात.

अल्झायमरला यातलं काही कळायची सोयच नव्हती. 1912 मध्ये तो ब्रेस्लाउला प्राध्यापक झाला, पण तब्येत खालावत गेली आणि 19 डिसेंबर 1915 रोजी तो वारला. वय 51, म्हणजे ऑगस्ट दाखल झाली तेव्हा होतं तेवढंच. त्याला फ्रँकफर्टमध्ये सेसिलीशेजारी पुरलं.

ऑगस्टची हरवलेली फाइल 1995 मध्ये फ्रँकफर्टला सापडली. नंतर म्युनिकमध्ये तिच्या मेंदूच्या काचपट्ट्याही मिळाल्या. नव्याने तपासल्या तर डाग आणि गुंते, दोन्ही जागच्या जागी होते.