मनश्शेचा नातू योशीया

इ. स. पू. ६४० च्या सुमारास यरुशलेमेत दाविदाच्या सिंहासनावर आठ वर्षांचे एक बालक बसविण्यात आले. त्याचा पिता आमोन अवघी दोन वर्षे राज्य करून आपल्याच वाड्यात, आपल्याच चाकरांच्या हातून मारला गेला होता. देशातील लोकांनी त्या कटवाल्यांना ठार केले आणि मृत राजाच्या या लहानग्या मुलाला राजा केले. त्याचे नाव योशीया. त्याच्या आईचे नाव यदीदा होते, असे शास्त्र सांगते. पण त्याच्या घराण्याचा इतिहास मात्र ते तपशिलाने सांगते. वाडवडिलांचे पाप व नीतिमत्त्व पुढच्या पिढ्यांपर्यंत कसे पोहोचते, आणि कोठे थांबते, हे समजून घ्यावयाचे असेल तर योशीयाच्या चरित्रासारखे दुसरे चरित्र नाही.

योशीयाचा पणजोबा हिज्कीया हा देवभीरू राजा होता. त्याने मूर्तिस्तंभ फोडले आणि मोशेने घडविलेल्या पितळी सर्पापुढे लोक धूप जाळू लागले होते म्हणून तोही मोडून टाकला. इ. स. पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याची सेना यरुशलेमेवर चालून आली तेव्हा त्याचे धमकीचे पत्र हिज्कीयाने मंदिरात परमेश्वरापुढे पसरले आणि प्रार्थना केली. नगर वाचले. पुढे तो मरणाच्या दारात असता परमेश्वराने त्याचे आयुष्य पंधरा वर्षांनी वाढविले. त्या वाढीव वर्षांतच त्याचा पुत्र मनश्शे जन्मला असला पाहिजे, कारण पित्याच्या मृत्यूसमयी तो बारा वर्षांचा होता.

अशा पित्याच्या पोटी जन्मलेल्या या पुत्राने पित्याने पाडलेले सर्व पुन्हा उभारले. बआलाच्या वेद्या बांधल्या. मंदिराच्या दोन्ही अंगणांत आकाशातील ताऱ्यांसाठी वेद्या केल्या. अशेरेची कोरीव मूर्ती प्रत्यक्ष परमेश्वराच्या मंदिरात आणून ठेवली. हिन्नोमाच्या खोऱ्यात त्याने आपल्या पोटच्या पोरांना अग्नीत होमिले. निर्दोष माणसांच्या रक्ताने त्याने यरुशलेम या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून टाकले, असे शास्त्र म्हणते. त्याची कारकीर्द पंचावन्न वर्षांची. यहूदाच्या दुसऱ्या कोणत्याही राजाने इतकी वर्षे राज्य केले नाही. एका पिढीने जन्मापासून म्हातारपणापर्यंत दुसरे काही पाहिलेच नाही.

इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात मनश्शेविषयी आणखी एक हकीकत आहे. अश्शूरी सरदारांनी त्याला बेड्या घालून बाबेलास नेले. तेथे संकटात तो नम्र झाला, त्याने परमेश्वराचा धावा केला, आणि परमेश्वराने त्याला परत आणले. मग त्याने परक्या देवांच्या मूर्ती मंदिराबाहेर टाकल्या. त्याच्या पश्चात्तापाचा देवाने स्वीकार केला, यात शंका नाही. परंतु त्याचा पुत्र आमोन बावीस वर्षांचा असता गादीवर आला तो पित्याच्या पश्चात्तापाचा वारस म्हणून नव्हे, तर त्याच्या पापांचा वारस म्हणून. पित्याने मूर्ती मंदिरातून काढल्या होत्या; पुत्राच्या मनातून त्या काढणे त्याला साधले नाही. उशिरा झालेला पश्चात्ताप पापी मनुष्याला वाचवू शकतो. पण मधल्या वर्षांत लेकरांनी जे पाहिले ते पुसून टाकणे त्याच्या हाती राहत नाही.

शास्त्रातील वयांचा हिशोब केला तर मनश्शे वारला तेव्हा योशीया सहा वर्षांचा असावा. वृद्ध आजोबा आणि नातू यांच्यात काय बोलणे झाले असेल हे शास्त्र सांगत नाही. एवढे मात्र दिसते की, वडिलांच्या व आजोबांच्या उदाहरणाकडे पाहिले असते तर या मुलाने मूर्तिपूजकच व्हावयाचे होते. तो तसा झाला नाही. आपल्या कारकिर्दीच्या आठव्या वर्षी, म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षी, तो दाविदाच्या देवाचा शोध करू लागला. येथे शास्त्र दाविदाला त्याचा पिता म्हणते. जन्मदात्या पित्याचा मार्ग सोडून त्याने तीनशे वर्षांहून अधिक मागच्या पूर्वजाचा मार्ग आपला मानला. विसाव्या वर्षी त्याने यहूदा व यरुशलेम येथून मूर्ती काढून टाकण्यास आरंभ केला.

कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी, इ. स. पू. ६२२ च्या सुमारास, मंदिराच्या डागडुजीचे काम चालू होते. कामकऱ्यांना द्यावयाच्या पैशांच्या व्यवस्थेसाठी राजाने आपला चिटणीस शाफान याला मुख्य याजक हिल्कीया याच्याकडे पाठविले. तेथे हिल्कीयाने त्याच्या हाती मंदिरात सापडलेला नियमशास्त्राचा ग्रंथ दिला. तो अनुवादाचा ग्रंथ किंवा त्याचा काही भाग असावा, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. शाफानाने तो राजापुढे वाचला. ऐकताच योशीयाने आपली वस्त्रे फाडली.

या प्रसंगी राजाने काय केले आणि काय केले नाही, हे दोन्ही पाहण्यासारखे आहे. त्या ग्रंथातील शाप ऐकून त्याने ओळखले की, आपल्या वाडवडिलांनी या वचनांकडे कान दिला नाही म्हणून परमेश्वराचा कोप आपल्यावर भडकला आहे. पण हे पाप आजोबांचे, त्याच्याशी माझा काय संबंध, असे म्हणून तो मोकळा झाला नाही. उलट, पूर्वजांनीच सर्व बिघडविले, आता माझ्याने काय होणार, असे म्हणून तो हातपाय गाळूनही बसला नाही. त्याने हुल्दा संदेष्ट्रीकडे माणसे पाठवून परमेश्वराची इच्छा विचारली.

हुल्देचे उत्तर दोन भागांत होते. या नगरावर अरिष्ट येणार, ते टळणार नाही. परंतु राजाचे मन कोमल झाले, तो देवापुढे नम्र झाला व रडला म्हणून ते अरिष्ट त्याच्या डोळ्यांना दिसणार नाही. एकाच उत्तरात राष्ट्राच्या पापाचा परिणाम आणि एका मनुष्याचा देवापुढील हिशोब हे दोन्ही वेगवेगळे मांडले गेले.

आता राष्ट्राचा नाश ठरलेलाच आहे असे कळल्यावर दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. योशीयाने लहानथोर सर्वांना मंदिरात जमविले, तो ग्रंथ त्यांना स्वतः वाचून दाखविला आणि परमेश्वरापुढे करार केला. मग जे शुद्धीकरण झाले त्यात त्याने आपल्याच घराण्याची कृत्ये एकामागून एक मोडली. मनश्शेने मंदिराच्या अंगणांत बांधलेल्या वेद्या त्याने पाडल्या. हिन्नोमाच्या खोऱ्यातील तोफेत त्याने भ्रष्ट केले, यासाठी की कोणी आपला मुलगा किंवा मुलगी पुन्हा अग्नीत होमू नये. शलमोनाने परक्या दैवतांसाठी उभारलेली उच्च स्थानेही त्याने सोडली नाहीत. बेथेल येथील यराबामाची वेदी त्याने मोडली. त्यानंतर वल्हांडण सण पाळण्यात आला. तसा सण शास्त्यांच्या काळापासून कोणत्याही राजाच्या वेळी झाला नव्हता.

इ. स. पू. ६१२ मध्ये निनवे पडले आणि अश्शूरचे साम्राज्य कोसळू लागले. ६०९ मध्ये मिसरचा राजा फारो-नखो अश्शूरच्या मदतीसाठी फरात नदीकडे निघाला असता योशीया मगिद्दोच्या खोऱ्यात त्याला आडवा गेला. नखोने त्याला परत जाण्यास सांगितले होते, आणि तो निरोप देवाकडचा होता, असे इतिहासाचे पुस्तक सांगते. योशीयाने ऐकले नाही. तो बाणांनी घायाळ होऊन मरण पावला. वय एकोणचाळीस वर्षे. यिर्मया संदेष्ट्याने त्याच्यासाठी विलाप केला. या मृत्यूचे खापर आपण मनश्शेच्या माथी फोडू नये. ती चूक योशीयाची स्वतःची होती. नीतिमान मनुष्यालाही आपल्या निर्णयांचे फळ भोगावे लागते, आणि प्रत्येक दुःखाच्या मागे आजोबांचे पाप शोधणे हे शास्त्राला धरून नाही.

योशीयामागून त्याचे तीन पुत्र व एक नातू गादीवर आले, आणि चौघांनीही परमेश्वराच्या दृष्टीने वाईट ते केले. त्याचा पुत्र यहोयाकीम याच्यापुढे यिर्मयाच्या वचनांची गुंडाळी वाचण्यात आली, तेव्हा हिवाळ्याचे दिवस होते आणि समोर शेगडी पेटलेली होती. तीनचार रकाने वाचून होताच राजा ते चाकूने कापी व आगीत टाकी. अशा रीतीने सर्व गुंडाळी जळाली. देवाचे वचन ऐकून पित्याने आपली वस्त्रे फाडली होती. पुत्राने ते वचनच फाडले. यिर्मयाने या राजाला त्याच्या पित्याची आठवण करून दिली होती. पिता खाऊनपिऊन सुखी असतानाही न्यायाने वागला, त्याने दीनदुबळ्यांची बाजू घेतली. पुत्र मात्र मजुरांना मजुरी न देता आपला वाडा बांधीत होता. जशी हिज्कीयाची भक्ती मनश्शेला वारशाने मिळाली नाही, तशीच योशीयाची भक्ती यहोयाकीमाला मिळाली नाही.

इ. स. पू. ५८६ मध्ये योशीयाचा पुत्र सिद्कीया याच्या कारकिर्दीत यरुशलेम जळाले. मनश्शेला धरून मोजले तर ही चौथी पिढी. सीनाय पर्वतावरील आज्ञेत वाडवडिलांच्या अन्यायाबद्दल तिसऱ्या व चौथ्या पिढीपर्यंतचा जो इशारा आहे, तो येथे आठवल्यावाचून राहत नाही. राजांचे पुस्तकही हा नाश मनश्शेच्या पापांमुळे झाला असेच सांगते. मग निरपराध नातवंडांना शिक्षा झाली काय? तसे नाही. तो इशारा देवाचा द्वेष करणाऱ्यांविषयी आहे, आणि त्याच आज्ञेत देवावर प्रीती करणाऱ्यांच्या हजारो पिढ्यांवर दया करण्याचे अभिवचन आहे. योशीयाच्याच काळात उपदेश करणाऱ्या यिर्मयाने यहूदाचे परत फिरणे मनापासूनचे नाही, वरवरचे आहे, असे म्हटले होते. राजाने वेद्या मोडल्या. पण पंचावन्न वर्षांत लोकांच्या हाडीमाशी खिळलेली सवय गेली नाही. मनश्शेचे पाप रक्तातून उतरले नाही, ते अनुकरणातून उतरले. प्रत्येक पिढीने ते नव्याने आपले केले.

बाबेलात बंदिवासात गेलेल्या लोकांमध्ये तेव्हा एक म्हण रूढ झाली होती. आंबट द्राक्षे खाल्ली वाडवडिलांनी आणि दात आंबले लेकरांचे, अशा अर्थाची ती तक्रार होती. यहेज्केल संदेष्ट्याने आपल्या १८ व्या अध्यायात ती म्हण मोडून काढली. तेथे तो तीन पिढ्या मांडतो: नीतिमान पिता, त्याचा दुष्ट पुत्र, आणि पित्याची दुष्कृत्ये पाहून ती न करणारा नातू. दुष्ट पुत्र पित्याच्या नीतिमत्त्वाने वाचत नाही, आणि नातू पित्याच्या पापासाठी मरत नाही. संदेष्टा कोणाचे नाव घेत नाही. पण हे वाचताना हिज्कीया, मनश्शे व योशीया डोळ्यांपुढे उभे राहतात. पापाचे परिणाम पुढच्या पिढ्यांना भोगावे लागतात; पापाचा दोष मात्र ज्याचा त्याचा असतो.

मग योशीयाची भक्ती वाया गेली काय? शाफान चिटणिसाच्या घराकडे पाहा. यहोयाकीमाच्या काळात यिर्मयाला ठार मारण्याची मागणी झाली तेव्हा शाफानाचा पुत्र अहीकाम याने त्याला वाचविले. दुसरा पुत्र गमऱ्या याने ती गुंडाळी जाळू नये म्हणून राजाला विनविले. यिर्मयाचे पत्र बाबेलातील बंदिवानांकडे नेणाऱ्या दूतांत शाफानाचा आणखी एक पुत्र होता. नगर पडल्यावर अहीकामाचा पुत्र गदल्या याच्याच स्वाधीन यिर्मयाला करण्यात आले. ज्या दिवशी शाफानाने राजापुढे ग्रंथ वाचला, त्या दिवसाचे फळ त्याच्या नातवापर्यंत पोहोचले. तरीही यहेज्केलाच्या दृष्टान्तात मूर्तींपुढे धूप जाळणाऱ्या सत्तर वडिलांमध्ये शाफानाचा पुत्र याजन्या उभा दिसतो. म्हणजे येथेही निवड ज्याची त्याची. योशीयाच्या कारकिर्दीत जन्मलेला दानीएल बाबेलाच्या दरबारात विश्वासू राहिला, आणि प्रार्थना करताना त्याने वाडवडिलांचे पाप आपलेच पाप म्हणून कबूल केले, हेही विसरता येत नाही.

प्रिय वाचकहो, आपल्या घरांतही दोन प्रकारची माणसे आढळतात. घरात आजार आला, मूल अपंग जन्मले, की कोणत्या पूर्वजाचा शाप आपल्याला भोवतो आहे, या विचाराने काही जण खंगत जातात. आणि दुःखी मातापित्यांना तसे बोलून दाखविणारेही भेटतात. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी प्रभूला हाच प्रश्न केला होता, आणि हे त्याच्या किंवा त्याच्या आईबापांच्या पापामुळे झालेले नाही, असे प्रभूने स्पष्ट सांगितले. दुसऱ्या प्रकारची माणसे आजोबांच्या विश्वासावर निश्चिंत असतात. आजोबांनी ख्रिस्तासाठी घरदार सोडले, मंडळी उभारली, म्हणून आपलेही देवाशी ठीक आहे असे त्यांना वाटते. पहिल्यांनी योशीयाकडे पाहावे; दुसऱ्यांनी यहोयाकीमाकडे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात प्रभु येशूची वंशावळ आहे. तिच्यात हिज्कीया आहे, मनश्शे आहे, आमोन आहे आणि योशीयाही आहे. त्यांतील एकही नाव गाळलेले नाही. ज्या वंशाचे पाप योशीयाला निवारता आले नाही, त्याच वंशात ते निवारणारा जन्मास आला. आपल्या घराण्याच्या नोंदीतही दोन्ही प्रकारची नावे असतील. आपल्या नावापुढे काय लिहिले जावे हे आपण आज ठरवीत आहोत, आणि आपली लेकरे ते पाहत आहेत.