पुण्यश्लोक अहिल्याबाईंची दिनचर्या

आज श्रावण वद्य चतुर्दशी. उद्या पिठोरी अमावास्या, म्हणजेच पोळा. दिवस कलू लागला की नंदुरबार, शहादा, तळोदा परिसरात गोठ्यागोठ्यांतून खांदेमळणीची लगबग सुरू होईल. वर्षभर जू वाहून निबर झालेल्या बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळली जाईल आणि उद्याच्या पुरणपोळीचे आवतण त्यांना आजच दिले जाईल. श्रावणी सोमवारी प्रकाशा येथे तापीतीरी केदारेश्वराच्या दर्शनास लोटणारा भाविकांचा मेळाही आता ओसरला आहे. पुण्यमासाची सांगता होत असताना या तिथीला आणखी एक स्मरण जोडलेले आहे, ते मात्र आपल्या घरांतून क्वचितच होते. शके १७१७ मध्ये, इंग्रजी गणनेने १३ ऑगस्ट १७९५ रोजी, याच चतुर्दशीला महेश्वर येथे नर्मदेच्या काठी अहिल्याबाई होळकरांनी देह ठेवला.

महेश्वर आपल्याला परके नाही. शहाद्याहून खेतिया, सेंधवा, धामणोद करीत उत्तरेस गेले की नर्मदेचा तो विस्तीर्ण घाट दिसतो. त्या घाटाला स्पर्श करून गेलेले पाणीच पुढे आपल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांखालून जिल्ह्याची उत्तर सीमा आखीत जाते.

शुभ्रवस्त्र परिधान केलेली, हाती शिवपिंडी घेतलेली ही माउली तसबिरीतून सर्वांच्या परिचयाची आहे. १७८० मध्ये तिने काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले, सोमनाथाची पूजा पुन्हा सुरू केली, गयेचे विष्णुपद मंदिर आणि वेरूळचे घृष्णेश्वर ही तिचीच पुण्याई, हे लहान मुलेही जाणतात. या मंदिरांची यादी आम्ही येथे वाढवीत नाही. आम्हांस आज बोलायचे आहे ते तिच्या एका दिवसाविषयी. सूर्योदयापूर्वी सुरू होऊन रात्री अकराच्या सुमारास संपणारा तो दिवस जवळजवळ अठ्ठावीस वर्षे त्याच क्रमाने उगवत आणि मावळत राहिला.

हा दिनक्रम आपल्यापर्यंत पोहोचला तो एका परक्या माणसाच्या लेखणीतून. सर जॉन माल्कम हा इंग्रज सेनाधिकारी १८१८ पासून माळव्याचा कारभार पाहत होता. बाईंना जाऊन तेव्हा पंचवीस वर्षेही लोटली नव्हती. त्यांच्या दरबारी वावरलेली माणसे हयात होती. ही स्तुती होळकरांच्या माणसांनी फुगवून सांगितलेली असावी अशी शंका आल्याने त्याने इतरांकडेही चौकशी केली. चौकशी जितकी खोल गेली तितका त्याचा आदर वाढत गेला, हे त्याने १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नमूद करून ठेवले आहे.

बाई सूर्योदयापूर्वी घटकाभर-दोन घटका आधी उठत. स्नान, संध्या, पूजा झाली की ठरलेला वेळ पुराणश्रवण. नंतर दानधर्म आणि अन्नदान, तेही आपल्या हाताने. मग स्वतःचे भोजन. ते साधे आणि निरामिष. होळकरांच्या घराण्यात मांसाहार निषिद्ध नव्हता, तरी बाईंनी तो वर्ज्य केला होता. भोजनोत्तर पुन्हा थोडी प्रार्थना, थोडी विश्रांती. दोन प्रहर टळले की दरबार. तेथे सायंकाळी सहापर्यंत त्या बसत, पडद्याआड नव्हे, समोर. ज्याची कोणाची फिर्याद असेल त्याने यावे आणि सांगावे. सायंकाळी पुन्हा दोन-तीन तास पूजा आणि अल्पसा फराळ. रात्री नऊला कारभाराची कागदपत्रे पुन्हा उघडली जात आणि अकराच्या सुमारास त्या शयनगृहात जात. व्रतवैकल्ये, सणवार किंवा राज्यावरील तातडीचे संकट यांखेरीज या क्रमात फरक पडत नसे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे दिवसही पूजेने सुरू होतात. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट आम्हांस अशी वाटते की बाईंच्या दिवसात देवघर आणि दरबार एकमेकांचा वेळ खात नसत. पूजा चालली आहे म्हणून फिर्यादी ताटकळला, किंवा कारभार वाढला म्हणून नेम चुकला, असे होऊ नये इतक्या काटेकोरपणे ते प्रहर वाटून घेतलेले होते. न्याय करणे हाही त्यांच्या लेखी ईश्वरापुढे जाब देण्याचाच विषय होता.

ही शिस्त अंगी कशी बाणली? आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी या गावी ३१ मे १७२५ रोजी पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. मल्हारराव होळकरांनी मुलगी पारखली आणि आपले पुत्र खंडेराव यांच्यासाठी सून म्हणून आणली. पारखणाऱ्याची नजर सुभेदाराची होती. सुनेला त्यांनी माजघरात बसवून ठेवले नाही. स्वतः मोहिमांवर असत तेव्हा वसुलाचे हिशेब, रसद, दारूगोळा यांची व्यवस्था ते तिच्यावर सोपवीत. १७६५ मधील त्यांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात चंबळ ओलांडून ग्वाल्हेरीस जाणे, मोठ्या तोफा आणि त्यांचा दारूगोळा सिद्ध ठेवणे, वाटेच्या रक्षणासाठी चौक्या बसविणे अशा आज्ञा आहेत, आणि त्या सुनेला लिहिलेल्या आहेत. खुशालीच्या पत्रात तोफगोळ्यांची बेगमी यावी, असे सासर किती जणींच्या वाट्यास आले असेल!

तोवर घरावर पहिला आघात होऊन गेला होता. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या. वृद्ध सासऱ्याने काकुळतीने त्यांना थांबविले. आपला पुत्र गेला, आता तूच माझा पुत्र, या भावाने त्यांनी पदर पसरला आणि बाई मागे फिरल्या. १७६६ मध्ये मल्हारराव गेले. नातू मालेराव गादीवर आले, पण वर्षभरातच, १७६७ मध्ये, तेही निवर्तले.

आता घरात पुरुष वारस उरला नाही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे मूल दत्तक घ्यावे आणि कारभार आपल्या हाती राहावा असा घाट घातला. राघोबादादा त्यांच्या पाठीशी फौजेसह माळव्यात उतरले. बाईंनी आरडाओरडा केला नाही. शिंदे, भोसले, गायकवाड यांना पत्रे गेली, स्वतःची फौज सज्ज झाली, तुकोजी होळकर सैन्यासह पुढे आले, आणि पुण्यास माधवराव पेशव्यांकडे न्याय मागितला गेला. पेशव्यांनी बाईंचा हक्क मान्य केला. दादांना तलवार न उपसता परतावे लागले. १७६७ अखेर कारभार रीतसर बाईंच्या हाती आला.

पहिल्याच दिवसांत त्यांनी दोन गोष्टी केल्या. सेनापतिपद तुकोजींना दिले. तुकोजी वयाने त्यांच्याहून थोडे मोठे, तरी त्यांना आई म्हणत. दुसरी गोष्ट घराण्याच्या खासगीची. मल्हाररावांनी मागे ठेवलेल्या त्या संपत्तीवर बाईंनी पाणी सोडून तुळशीपत्र ठेवले आणि ती धर्मकार्यास अर्पण केली. देशभरची मंदिरे, घाट, विहिरी, अन्नछत्रे उभी राहिली ती या खासगीतून. प्रजेच्या वसुलाचा पैसा फौजेसाठी आणि राज्याच्या कारभारासाठी होता. काशीच्या कळसासाठीदेखील त्यात हात घालायचा नाही, ही रेघ त्यांनी स्वतःच ओढली होती आणि ती पुसू नये म्हणून पहाराही स्वतःच दिला.

या रेघेची एकदा चांगलीच परीक्षा झाली. इंदूरचा एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. तुकोजींची छावणी तेव्हा इंदुराजवळच होती. कोणी कान भरले आणि त्या इस्टेटीतून वाटा घेण्याची इच्छा त्यांना झाली. सावकाराची विधवा धावत महेश्वरी आली. बाईंनी तिचे ऐकून घेतले, तिला वस्त्रे देऊन सर्व संपत्तीची मालकीण म्हणून मान्यता दिली आणि तुकोजींना निरोप धाडला की छावणी इंदुरापासून दूर न्यावी आणि शहराला गैरवाजवी उपद्रव देऊ नये. सेनापती दुखावला जाईल, फौज त्याच्याच हाती आहे, हा विचार त्यांच्या मनात आला नसेल असे आम्हांस वाटत नाही. तुकोजी निमूटपणे मागे हटले.

स्तुतीविषयीही त्यांचे वागणे असेच होते. एका विद्वान ब्राह्मणाने त्यांच्या गौरवपर एक ग्रंथ रचून आणला. बाईंनी तो शांतपणे पूर्ण ऐकला. मग आपण एक दुर्बळ, पापी स्त्री असून या स्तुतीस पात्र नाही असे सांगून तो नर्मदेत सोडावयास लावला. पुन्हा त्या पंडिताची चौकशी केली नाही. बिचाऱ्याचे श्रम पाण्यात गेले याची थोडी हळहळ आम्हांस वाटते, हेही कबूल केले पाहिजे.

आपल्या सातपुड्याशी संबंध येतो तो भिल्लांच्या बाबतीत. नर्मदेच्या परिक्रमेस गेलेले लोक शूलपाणीच्या झाडीतील लुटीच्या गोष्टी पूर्वी परत आल्यावर सांगत. बाईंच्या काळी विंध्य-सातपुड्याच्या घाटवाटांवर व्यापाऱ्यांचे तांडे नेहमीच लुटले जात. त्यांनी आधी समजुतीचा मार्ग अवलंबिला. तो फळास आला नाही तेव्हा बळ वापरले आणि काही म्होरक्यांना देहदंडही दिला. घरगुती कथेत हा भाग गाळला जातो. तो गाळू नये असे आमचे मत आहे. बाई कोमल होत्या, तशाच कठोरही होत्या. परंतु त्या तेथेच थांबल्या नाहीत, हे अधिक महत्त्वाचे. डोंगरातून जाणाऱ्या मालावर अल्पशी पट्टी घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क होता. त्यास भिलकवडी म्हणत. तो हक्क त्यांनी मान्य केला. बदल्यात वाटेची राखण त्यांनी करावी, आपल्या हद्दीत चोरी झाली तर माल शोधून द्यावा आणि पडीक जमीन लागवडीस आणावी असे ठरले. यात भीक नव्हती. डोंगराला डोंगरवासी मालक आहेत, ही त्यात कबुली होती. ज्याच्यापासून भय, त्यालाच राखणदार केल्याने वाटा चालू झाल्या. आमच्या जिल्ह्यात तरी ही गोष्ट काशीच्या मंदिराइतक्याच आदराने सांगितली जावी.

आणि आजच्या दिवशी आवर्जून सांगावी अशी गोष्ट बैलांची. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोया घालणे हे नित्याचेच पुण्यकर्म. बाईंनी महेश्वराच्या आसपास माणसे नेमली होती ती शेतातल्या बैलांसाठी. भर दुपारी औत चालू असताना असा माणूस बांधावर येई आणि बैलांचे पाणी होईपर्यंत औत थांबवा म्हणे. कुणबी चकित होई, पण औत थांबे. पिकांवरून हाकलल्या जाणाऱ्या पाखरांसाठी त्यांनी उभी शेतेच विकत घेऊन मोकळी ठेवली होती. पोळा वर्षातून एकदा येतो. महेश्वराच्या शिवारात तो रोज दुपारी घटकाभर येत असे.

एवढे नेम पाळणाऱ्या स्त्रीला दैवाने सुख दिले असे नाही. कन्या मुक्ताबाई ही एकच उरली होती. तिचा तरुण पुत्र गेला आणि त्या दुःखाची धग निवते न निवते तोच १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले. मुक्ताबाई सती जाण्यास सिद्ध झाली. वृद्ध आईने तिच्या पायांशी बसून विनवले, या जगात मला एकटीला टाकून जाऊ नको म्हणून आकांत केला. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्याच्या शब्दाने त्या स्वतः मागे फिरल्या होत्या. मुलगी फिरली नाही. नर्मदेच्या काठी चिता पेटली तेव्हा दोघा ब्राह्मणांनी बाईंचे हात धरून ठेवले होते. ज्वाळा उठताच त्यांचा धीर सुटला आणि धरणाऱ्यांच्या पकडीतून सोडविता न येणारे आपलेच हात त्या दातांनी चावू लागल्या. ज्या राज्यात त्यांचा शब्द अखेरचा होता, तेथे पोटच्या मुलीपुढे आणि रूढीपुढे तो चालला नाही. तीन दिवस त्यांनी अन्नास स्पर्श केला नाही, कोणाशी बोलल्या नाहीत.

त्यानंतर त्या उठल्या. मुलीच्या स्मरणार्थ छत्री बांधण्याचे काम त्यांनी लावले, आणि दरबार पुन्हा त्याच वेळी भरू लागला. त्या दिवशी पहिली फिर्याद कोणाची होती, इतिहासाने टिपून ठेवलेले नाही.

पुढे पावणेचार वर्षे हाच क्रम चालला. शरीर थकले होते, तरी उपवासांत त्यांनी सवलत घेतली नाही. त्यामुळेच अंत लवकर आला असे त्या वेळी काहींचे म्हणणे होते. एकाहत्तराव्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, तो दिनक्रम थांबला.

महेश्वरच्या वाड्यात त्यांचा एक नेम मात्र अद्याप चालू आहे. रोज सकाळी काळ्या मातीची हजारो चिमुकली शिवलिंगे हाताने घडविली जातात, त्यांचे पूजन होते आणि ती नर्मदेत विसर्जित केली जातात. ती माती पाण्यात विरघळते. पाणी खाली आपल्या डोंगरांकडे येऊ लागते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नवी माती भिजविली जाते.