विश्लेषण : रूळ, मोटार आणि जहाज... ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदेंच्या हौसेतून लोकांच्या हाती काय आले?

राजवाड्याच्या आवारात धावणारी आगगाडी, जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची गाडी, कोल्हापूरच्या शर्यतीत गाजलेली रोल्स-रॉइस आणि थेट प्रवासी जहाज. यंत्रांचे वेड असलेल्या या मराठी संस्थानिकाची कहाणी १०० वर्षांनंतरही का सांगावी लागते?

चर्चा आताच का?

कुही, उमरेड, भिवापूर भागातील लोकांना छोट्या रेल्वेची ओळख करून द्यावी लागत नाही. नागपूर ते नागभीड या सुमारे १०६ किलोमीटरच्या नॅरोगेज मार्गावर १९०८ पासून गाडी धावत होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. त्यानंतर चारच महिन्यांनी, मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात ग्वाल्हेर-श्योपूर ही आणखी अरुंद रुळांची गाडी थांबली आणि पुन्हा सुरू झाली नाही. तिथेही आता ब्रॉडगेज येत आहे. दोन्ही गाड्यांचे दुखणे एकच असले, तरी जन्मकथा वेगळ्या आहेत. नागपूरची गाडी बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने व्यवसाय म्हणून आणली. ग्वाल्हेरची गाडी मात्र एका तरुण महाराजांच्या छंदातून सुरू झाली. ते महाराज म्हणजे माधवराव शिंदे.

माधवराव शिंदे कोण होते?

शिंदे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे. पाटीलकी सांभाळणाऱ्या या घराण्याने पेशवाईत उत्तरेत राज्य उभे केले आणि ग्वाल्हेरला राजधानी केली. माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ चा. वडील जयाजीराव १८८६ मध्ये वारले तेव्हा माधवराव अवघे नऊ वर्षांचे होते. पुढची काही वर्षे कारभार मंडळाने राज्य चालवले. १८९४ मध्ये, अठराव्या वर्षी, सर्वाधिकार त्यांच्या हाती आले.

त्या काळातील बहुतेक संस्थानिकांना घोडे, शिकार आणि दागिने यांची हौस असे. माधवराव शिकारही करत, पण त्यांचा खरा जीव यंत्रांत होता. यंत्र विकत घेऊन शोभेला ठेवणे एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. ते चालते कसे हे त्यांना पाहायचे असे आणि स्वतः चालवायचेही असे. रेल्वेचे इंजिन चालवणारे महाराज म्हणून त्यांची ख्याती होती.

टेबलावर धावणारी चांदीची गाडी काय होती?

माधवरावांचे नाव निघाले की पहिल्यांदा आठवते ती ही गाडी. जयविलास राजवाड्यातील मेजवानीच्या टेबलावर छोटे रूळ टाकले होते. त्यावरून विजेवर चालणारी चांदीची गाडी पाहुण्यांसमोरून फिरत असे. तिच्या डब्यांवर इंग्रजीतील ‘सिंदिया’ या नावाचे एकेक अक्षर होते आणि डब्यांत मद्याच्या सुरया व सिगार ठेवलेले असत. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबे. सुरई जागेवर ठेवली की पुन्हा चालू लागे.

यामागचे तंत्र सोपे आहे. वजन पडले की वीजमंडल पूर्ण होते, वजन उचलले की तुटते. आज शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मुले असे प्रयोग करतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मात्र घरात वीज असणे हीच अपूर्वाई होती. ही गाडी आजही जयविलास राजवाड्यातील संग्रहालयात पाहता येते.

राजवाड्यातले रूळ बाहेर कसे पडले?

टेबलावरच्या गाडीच्या आधीच राजवाड्याच्या परिसरात मोठी गाडी आली होती. १८९० च्या दशकात माधवरावांनी आवारात दोन फूट रुंदीचा, म्हणजे ६१० मिलिमीटरचा रूळमार्ग टाकून घेतला. सुरुवातीला तो खासगी वापरासाठीच होता. महाराज आणि त्यांचे पाहुणे त्यावरून फिरत.

इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही श्रीमंत हौशी माणसाची म्हणता येईल. वेगळेपण पुढे आहे. हेच रूळ राजवाड्याची हद्द ओलांडून राज्यात पसरले. एक फाटा भिंडकडे गेला, दुसरा शिवपुरीकडे. तिसरा जौरा, सबलगढ असे टप्पे घेत १९०९ मध्ये श्योपूरला पोहोचला. एकट्या ग्वाल्हेर-श्योपूर मार्गाची लांबी सुमारे २०० किलोमीटर भरली. दोन फुटी रुळांवरील जगातील सर्वांत लांब मार्गांत त्याची गणना होत असे.

एवढा अरुंद मार्गच का निवडला?

रुळांमधील अंतर कमी असले की गाडी लहान आणि हलकी राहते. त्यामुळे रूळ हलके चालतात, भराव कमी रुंदीचा लागतो, पूल छोटे होतात. वळणेही अधिक तीव्र घेता येतात, त्यामुळे टेकडी फोडण्याऐवजी तिला वळसा घालता येतो. चंबळच्या बाजूचा हा मुलूख ओबडधोबड, घळींचा आणि गरीब. तिथे मोठ्या मापाची रेल्वे परवडली नसती. महाराष्ट्रात बार्शी लाइट रेल्वेनेही १८९७ मध्ये असाच हिशेब केला होता. फक्त तिचे रूळ अडीच फुटी होते. नागपूर-नागभीड मार्गाचे मापही तेच.

याची किंमत वेगात मोजावी लागते. श्योपूरला पोहोचायला गाडीला दहा-अकरा तास लागत. डबे भरले की लोक टपावर बसत. तरीही, रस्ते नसलेल्या गावांना दवाखाना, कोर्ट आणि बाजार जोडणारी ती एकच सोय होती. पावसाळ्यात चिखलाने वाटा बंद झाल्या तरी रूळ साथ देत. कुही-उमरेडच्या ज्येष्ठांना हे चित्र परके वाटणार नाही.

रोल्स-रॉइस आणि कोल्हापूरचा संबंध काय?

नागपूरची छोटी रेल्वे सुरू झाली त्याच वर्षी, १९०८ मध्ये, मुंबईत एक मोटार चर्चेत होती. रोल्स-रॉइस कंपनीच्या ४०/५० अश्वशक्तीच्या, पुढे ‘सिल्व्हर घोस्ट’ म्हणून गाजलेल्या मॉडेलची ही गाडी प्रदर्शनासाठी भारतात आणली होती. तिचे नाव ठेवले होते ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, म्हणजे पूर्वेचा मोती. मुंबई-कोल्हापूर मार्गावरील सुमारे ६२० मैलांच्या विश्वासार्हता चाचणीत तिने घाट चढून बाजी मारली. त्यानंतर ती विकत घेतली माधवराव शिंदेंनी.

त्या काळी मोटार बाळगणे हे सोपे काम नव्हते. या गाडीला सहा सिलिंडरचे, सात लिटरचे इंजिन होते आणि ते पुढच्या बाजूला हँडल मारून सुरू करावे लागे. विजेवर सुरू होणारी मोटार कॅडिलॅकने बाजारात आणली ती १९१२ च्या मॉडेलपासून. रस्ते बैलगाडीसाठी केलेले, टायर वारंवार फुटणारे, पेट्रोल डब्यांतून येणारे. त्यामुळे मोटारींचा ताफा बाळगायचा तर चालक, मेकॅनिक आणि सुट्या भागांचा साठा हे सगळे पदरी ठेवावे लागे. म्हणूनच सुरुवातीच्या काळात मोटारींचा छंद मुख्यतः राजेरजवाडे आणि बड्या व्यापाऱ्यांपुरता राहिला.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर माधवरावांनी जखमींसाठी मोटार रुग्णवाहिकांचा ताफा दिला. ब्रिटिशांशी निष्ठा दाखवण्याचा तो मार्ग होता, हे उघड आहे. पण मोटार युद्धभूमीवर काय करू शकते हे स्वतः मोटारी वापरणाऱ्याला लवकर कळले, हेही खरे.

जहाज विकत घेणारे महाराज?

जहाजांची गोष्ट यापेक्षाही मोठी आहे. १९०० मध्ये चीनमधील बॉक्सर उठावाच्या वेळी माधवरावांनी ‘ग्वालियर’ नावाचे रुग्णालय जहाज सज्ज करून दिले आणि स्वतःही चीनला गेले. पुढे १९१४ च्या अखेरीस त्यांनी कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे वाफेवर चालणारे प्रवासी जहाज घेतले. त्याचे नाव बदलून ‘लॉयल्टी’ ठेवले आणि ते जखमी सैनिकांसाठी रुग्णालय म्हणून वापरले गेले.

युद्ध संपले आणि जहाज विक्रीला निघाले. ते घेतले सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यासाठी १९१९ मध्ये उभी राहिलेली कंपनी म्हणजे ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’. कंपनीच्या नावातला सिंदिया तो हाच. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाले. ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या सागरी मार्गावर भारतीय मालकीच्या कंपनीचे जहाज उतरले होते. म्हणूनच १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

जहाज फार काळ टिकले नाही, १९२३ मध्ये ते मोडीत निघाले. कंपनी मात्र पुढे अनेक दशके चालली.

हौसेचा पैसा कोणाचा होता?

हा प्रश्न टाळून माधवरावांचे चरित्र पूर्ण होत नाही. संस्थानात राज्याची तिजोरी आणि राजाची तिजोरी यांतली रेषा पुसट असे. टेबलावरची चांदीची गाडी असो की रोल्स-रॉइस, त्यामागचा पैसा शेवटी शेतसाऱ्यातूनच येत होता. शेतसारा भरणाऱ्याला त्याबद्दल कोणी विचारले नव्हते.

दुसऱ्या पारड्यात टाकण्यासारख्या गोष्टीही आहेत. टाटांच्या पोलाद कंपनीला सुरुवातीच्या वर्षांत खेळत्या भांडवलाची अडचण आली, तेव्हा ४ लाख पौंडांचे संपूर्ण कर्जरोखे एकट्या माधवरावांनी घेतले. जमशेदपूरच्या भट्ट्या पेटण्यात ग्वाल्हेरच्या या पैशाचा वाटा होता. शिवपुरीला १९१८ मध्ये बांध घालून सख्य सागर तलाव झाला, तिथे नौकाविहाराची सोय झाली. तो परिसर आज माधव राष्ट्रीय उद्यानात आहे.

सगळेच प्रयोग सफल झाले नाहीत. ग्वाल्हेरजवळ सांक नदीवर बांधलेले तिघरा धरण १९ ऑगस्ट १९१७ रोजी फुटले. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या पद्धतीचे स्वयंचलित दरवाजे या धरणाला बसवले होते. पण घात दरवाज्यांनी केला नाही. पायाच्या वालुकाश्मात पाणी मुरले आणि भिंत खचली. खालच्या गावांत मोठी जीवितहानी झाली. इंजिन बिघडले तर ते बाजूला उभे करून दुरुस्त करता येते, धरणाच्या बाबतीत तशी सवड मिळत नाही. पुढे धरण पुन्हा बांधले गेले आणि आजही ग्वाल्हेर शहराला तिथूनच पाणी मिळते.

शेवट कसा झाला?

माधवरावांचा दुसरा विवाह गोव्यातील राणे घराण्यातील गजराराजे यांच्याशी झाला. मुलगा जिवाजीराव आणि मुलगी कमलाराजे. राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या नावांवरून या मुलांना जॉर्ज आणि मेरी अशीही नावे दिली होती. ५ जून १९२५ रोजी माधवरावांचे पॅरिस येथे निधन झाले. वय होते ४८. जिवाजीराव तेव्हा नऊ वर्षांचेही नव्हते. वडिलांसारखेच तेही अल्पवयात गादीवर आले. शिवपुरीत माधवरावांची संगमरवरी छत्री आहे. शिवपुरीला त्यांनी आपली उन्हाळी राजधानी केले होते.

मग मागे काय उरले?

‘पर्ल ऑफ द ईस्ट’ ही मोटार आजही जपलेली आहे, पण तिच्यात बसण्याचे भाग्य मोजक्यांनाच लाभले. चांदीची गाडी काचेआड आहे. याउलट छोटी रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली आणि राजा गेला, संस्थान गेले तरी आणखी सुमारे सात दशके धावत राहिली. भाजीवाले, विद्यार्थी, मजूर, माहेरी निघालेल्या बायका अशा लाखो लोकांनी तिच्यातून प्रवास केला. ही गाडी कधीकाळी महाराजांच्या आवारातली गंमत होती, हे त्यातल्या बहुतेकांच्या गावीही नसेल.

ज्या यंत्रात इतरांना जागा मिळाली, ते सर्वांत जास्त टिकले. आता ग्वाल्हेर-श्योपूर आणि नागपूर-नागभीड या दोन्ही ठिकाणी रुंद रूळ टाकले जात आहेत. गाडी वेगवान होईल, डबे मोठे असतील. पण छोट्या गाडीचे जे प्रवासी होते, त्यांच्या गावात ती थांबेल का आणि तिचे तिकीट त्यांच्या खिशाला परवडेल का, हे नव्या मार्गाचे खरे मोजमाप असेल. श्योपूरच्या वाटेवरच्या गावाला हा प्रश्न जितका लागू आहे, तितकाच तो कुहीलाही आहे.