एक शिंपला, सात चित्रं : जॉर्जिया ओकीफ अमूर्त चित्रापर्यंत कशी पोहोचली?

अमूर्त चित्रासमोर उभं राहिलं की बहुतेकांना एकच प्रश्न पडतो, हे नेमकं आहे काय? चित्रकाराने मनाला येईल ते रंगवलंय, असंही वाटून जातं. पण हातात मावणाऱ्या एखाद्या साध्या वस्तूतून अमूर्त चित्र कसं तयार होतं, हे समजून घ्यायचं असेल तर अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफची शिंपल्यांची चित्रं पाहावीत. जग तिला ओळखतं ते भल्यामोठ्या फुलांमुळे. शिंपल्यांची गोष्ट त्यामानाने कमी लोकांना माहीत आहे.

शेतकऱ्याची मुलगी ते न्यूयॉर्क

जॉर्जियाचा जन्म १५ नोव्हेंबर १८८७ चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या सन प्रेअरीजवळच्या शेतकरी कुटुंबातला. शिकागो आणि न्यूयॉर्कमध्ये ती चित्रकला शिकली. तेव्हा समोरची वस्तू हुबेहूब काढण्यावर भर असायचा. तिला ते उत्तम जमायचं, १९०८ मध्ये एका स्थिरचित्रासाठी बक्षीसही मिळालं. पण आधीच्या चित्रकारांचीच नक्कल करत राहण्यात तिला रस उरला नाही आणि काही वर्षं तिने चित्रं काढणं जवळजवळ सोडून दिलं.

पुढे आर्थर वेस्ली डाव या कलाशिक्षकाचे विचार तिच्यापर्यंत पोहोचले. नक्कल करण्यापेक्षा रेषा, रंग आणि उजेड-अंधार यांनी कागदावरची जागा सुंदर भरणं महत्त्वाचं, असं त्याचं म्हणणं. १९१५ मध्ये साउथ कॅरोलिनात शिक्षिकेची नोकरी करताना तिने रंग बाजूला ठेवले आणि फक्त कोळशाने अमूर्त चित्रं काढली. ती तिने मैत्रिणीला पाठवली. मैत्रिणीने ती नेऊन दाखवली प्रसिद्ध छायाचित्रकार आणि गॅलरीचालक आल्फ्रेड स्टिग्लिट्झला. त्याने १९१६ मध्ये जॉर्जियाला न विचारताच ती प्रदर्शनात लावली. ती जाब विचारायला गेली, पण शेवटी चित्रं तिथेच राहिली. १९२४ मध्ये दोघांनी लग्न केलं.

चित्रं तिची, अर्थ दुसऱ्यांचा

खरी अडचण इथून सुरू झाली. १९२१ मध्ये स्टिग्लिट्झने स्वतः काढलेल्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरवलं. त्यात जॉर्जियाची नग्न छायाचित्रंही होती. त्यानंतर १९२३ मध्ये तिचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा समीक्षकांना तिच्या अमूर्त आकारांत स्त्रीचं शरीर आणि कामभावनाच दिसू लागली. स्टिग्लिट्झनेही या चर्चेला खतपाणी घातलं. जॉर्जियाला हा अर्थ कधीच मान्य नव्हता.

मग ती ओळखू येतील अशा वस्तूंकडे वळली. फळं, पानं, फुलं आणि शिंपले. तरीही लोक तोच अर्थ लावत राहिले. फुलांच्या बाबतीत हे झालंच, १९२६ च्या उघड्या आणि मिटलेल्या शिंपल्यांच्या चित्रांबद्दलही तेच बोललं गेलं.

शिंपल्याचं नेमकं काय केलं?

१९२० च्या दशकात जॉर्जिया अनेकदा मेन राज्यातल्या यॉर्क बीचला जायची आणि किनाऱ्यावरचे शंख-शिंपले गोळा करायची. उन्हाळ्यात तिचा मुक्काम लेक जॉर्जला असायचा. तिथल्या एका जुन्या कोठाराच्या छपराची लाकडी पट्टी तिला मिळाली. ऊनपावसाने करडी पडलेली ही पट्टी आणि एक पांढरा शिंपला तिने खोलीतल्या टेबलावर ठेवला आणि १९२६ मध्ये त्यांची सात चित्रं काढली.

पहिल्या चित्रात दोन्ही वस्तू सहज ओळखता येतात. मग ती तपशील गाळत गेली. पट्टी म्हणजे नुसता गडद आकार उरला, शिंपला म्हणजे पांढरा. सातव्या चित्रात तर तिने खिडकीबाहेरचा, तळ्यापलीकडचा धुक्यातला डोंगर रंगवला. गंमत म्हणजे त्या डोंगराला टेबलावरच्या पट्टीचाच आकार आला होता आणि हे तिच्या लक्षात आलं ते खूप नंतर. इतके दिवस एकाच आकाराकडे पाहिल्यावर तो नजरेत मुरला होता.

आज अनेक चित्रकार कॅनव्हासवर वाळू, कागद, खरे शिंपलेही चिकटवतात. जॉर्जियाने तसं केलं नाही. शिंपल्याची गुळगुळीत कड आणि आतली मऊ छटा तिने कधी तैलरंगात, तर कधी पेस्टलच्या खडूत पकडली.

वाळवंटात शंख

१९२९ पासून ती न्यू मेक्सिकोला जाऊ लागली. या राज्याला समुद्रच नाही. तरीही १९३८ च्या एका चित्रात तिने लाल टेकडीसमोर पांढराशुभ्र शंख मांडला. शंख जवळ, टेकडी मागे, त्यामुळे हातात मावणारी वस्तू डोंगराएवढी दिसते. मोठ्या फुलांमागेही हीच युक्ती होती. छोट्या गोष्टीजवळून लोक न बघताच निघून जातात, म्हणून ती मोठी करायची.

१९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तिच्या कामाचं सिंहावलोकन करणारं प्रदर्शन भरवलं. तिथे असा मान मिळालेली ती पहिली महिला चित्रकार. त्याच वर्षी स्टिग्लिट्झ गेला. पुढे १९४९ मध्ये ती कायमची न्यू मेक्सिकोत राहायला गेली.

उतारवयात डोळ्यांच्या मॅक्युलर डीजनरेशन या आजाराने तिची मधली नजर गेली. कुणाच्याही मदतीशिवाय काढलेलं तिचं शेवटचं तैलचित्र १९७२ चं. त्यानंतर ती मातीकामाकडे वळली, कारण आकार बोटांनाही कळतो. ६ मार्च १९८६ रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी, सांता फे इथे तिचं निधन झालं.

तिच्या चित्रांचा अर्थ काय, यावरचा वाद अजून मिटलेला नाही. त्यात पडण्याआधी ती सात चित्रं एकापाठोपाठ एक पाहावीत. शिंपला नेमका कुठल्या चित्रात दिसेनासा होतो, ते आपलं आपल्याला सापडतं.