गाडीला 'सेल्फ' देणारा केटरिंग

कुंडलिका नदीच्या एका तीरावर रोहा आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी. मुंबईहून येणारी मध्य रेल्वे येथे संपते आणि कोकण रेल्वे येथून सुरू होते. पावसाळ्याचे चार महिने या भागातील हवेत इतका ओलावा असतो की कपाटातील कपड्यांनाही बुरशी धरते. अशा ठिकाणी एखाद्या हौशी माणसाने घराच्या पडवीत जुनी स्पोर्ट्स कार सांभाळली असेल, तर श्रावणातल्या एखाद्या सकाळी हमखास घडणारा प्रसंग एकच. किल्ली फिरवावी, आतून फक्त 'टक्' असा आवाज यावा आणि इंजिनाने हालचालही करू नये. 'सेल्फ उचलत नाही' हे आपल्याकडील प्रत्येक गॅरेजमध्ये रोज ऐकू येणारे वाक्य. मात्र ज्या माणसामुळे मोटारीला हा 'सेल्फ' मिळाला, त्याचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. ते नाव आहे चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग.

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणापासून त्यांची दृष्टी अधू होती. वाचन वाढले की डोके असह्य दुखू लागे. शालेय शिक्षण संपल्यावर काही काळ त्यांनी खेड्यातील शाळेत मास्तरकी केली. पुढे विद्यापीठात प्रवेश घेतला, पण डोळ्यांनी दगा दिल्याने शिक्षण अर्धवट सोडावे लागले. खचून न जाता ते टेलिफोनचे खांब रोवणाऱ्या आणि तारा ओढणाऱ्या कामगारांच्या टोळीत सामील झाले. वीज म्हणजे काय, ती कोठे अडते आणि कोठून गळते, याचे पहिले धडे त्यांना पुस्तकाने नव्हे, तर या तारांनी दिले. पुन्हा विद्यापीठात परतून १९०४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवली.

त्याच वर्षी ते डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत रुजू झाले. दुकानातील गल्ल्याचे यंत्र तेव्हा हाताने दांडा फिरवून चालवावे लागे. केटरिंग यांनी त्याला विजेची छोटी मोटर जोडली. या कामातून त्यांना एक साधी गोष्ट उमगली. दिवसभर अखंड चालणाऱ्या मोटरीला आकार मोठा लागतो. पण क्षणभरच जोर लावायचा असेल, तर लहान मोटरीवर तिच्या कुवतीपेक्षा कितीतरी अधिक भार टाकता येतो. तापण्यापूर्वीच तिचे काम संपलेले असते. मोटारीच्या इतिहासाला वळण देणारी कल्पना अशी एका गल्ल्याच्या यंत्रात जन्माला आली.

कंपनीतील सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागील धान्याच्या कोठारात केटरिंग आणि त्यांचे काही मित्र संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी जमत. तेथेच त्यांनी मोटारीसाठी बॅटरीवर चालणारी सुधारित प्रज्वलन पद्धत तयार केली. कॅडिलॅक कंपनीने ती स्वीकारली आणि १९०९ मध्ये 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी' अर्थात 'डेल्को' स्थापन झाली.

त्या काळी मोटार सुरू करणे हे धोक्याचे काम होते. समोर उभे राहून लोखंडी हँडल जोराने फिरवावे लागे. ठिणगीची वेळ जराशी चुकली की इंजिन उलटा झटका देई आणि हँडल मनगट किंवा जबडा फोडून जाई. रस्त्यात बंद पडलेल्या एका महिलेच्या गाडीला हँडल मारताना मोटार उत्पादक बायरन कार्टर जखमी झाले आणि पुढे १९०८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला, अशी कथा आहे. ती निरनिराळ्या ठिकाणी थोड्याफार फरकाने सांगितली जाते. कार्टर यांचे स्नेही आणि कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी या हँडलचा बंदोबस्त करण्याचे ठरवले आणि काम केटरिंग यांच्याकडे आले.

जाणकारांचे मत प्रतिकूल होते. इंजिन फिरवू शकेल अशी मोटर इंजिनाएवढीच मोठी होईल, असा त्यांचा हिशेब होता. केटरिंग यांच्याकडे गल्ल्याच्या यंत्राचा अनुभव होता. फेब्रुवारी १९११ मध्ये त्यांनी लेलँड यांना प्रात्यक्षिक दाखवले आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये विजेचा स्टार्टर बसला. एकच यंत्र सुरुवातीला मोटर म्हणून इंजिन फिरवी आणि इंजिन चालू झाले की जनित्र बनून बॅटरी भरी. इंजिन फिरवताना बॅटरीचे कप्पे २४ व्होल्टसाठी जोडले जात आणि एरवी ६ व्होल्टवर दिवे चालत. या शोधाचे पेटंट १९१५ मध्ये मिळाले. ज्यांच्या मनगटात हँडल फिरवण्याएवढे बळ नव्हते, अशा असंख्य स्त्री-पुरुषांना त्यानंतर मोटार एकट्याने चालवता येऊ लागली.

अष्टमीच्या पडवीतील जुनी गाडी आजही याच दोन शोधांवर उभी असते. त्यामुळे ती का अडली, हे घरच्या घरी शोधण्याचा मार्गही केटरिंग यांच्या मांडणीतूनच जातो. आधी एक प्रश्न विचारावा. इंजिन फिरतच नाही, की फिरते पण पेट घेत नाही?

फिरतच नसेल तर दोष स्टार्टरच्या वाटेवर असतो. गिअर न्यूट्रलमध्ये आणि हातब्रेक ओढलेला आहे याची खात्री करून हेडलाइट लावावेत आणि किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरट-हिरवट क्षार जमला आहे. पूर्ण भरलेली बॅटरी स्थिर अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन फिरवताना ती १० व्होल्टच्या बरीच खाली गेली तर संशय घ्यावा. दिवे तेजस्वी राहूनही मोटर हलत नसेल, तर सोलेनॉइड, स्टार्टरचे कार्बन ब्रश आणि इंजिनाला चासिसशी जोडणारी अर्थची पट्टी तपासावी. स्टार्टर क्षणभरात शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह ओढतो. इतक्या प्रवाहाला गंजाचा पातळ थरही अडवू शकतो. कोकणातील दमट हवेत निम्म्या तक्रारींचे मूळ अशा गंजलेल्या जोडणीत सापडावे, यात नवल नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेल्या 'सॅन स्टॉर्म'सारख्या फायबरच्या बॉडीच्या गाड्यांमध्ये तर अर्थच्या तारांकडे अधिकच लक्ष द्यावे लागते. कारण फायबरमधून वीज परत येत नाही.

इंजिन फिरते पण पेट घेत नाही, तेव्हा कॉइल, पॉइंट, कंडेन्सर आणि डिस्ट्रिब्यूटर यांच्याकडे वळावे. पॉइंट उघडताच कॉइलमधील चुंबकत्व कोसळते आणि हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते. पॉइंट काळवंडले असतील किंवा डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणात ओल शिरली असेल, तर ठिणगी भलतीकडे पळते. बॅटरी सुटी करून कोरड्या फडक्याने टोपण पुसणे, पॉइंट स्वच्छ करून त्यांतील अंतर जुळवणे, एवढ्यावर अनेकदा काम भागते. एक सावधगिरी मात्र अटळ आहे. १९६७ पूर्वीच्या अनेक ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांत बॅटरीचे धन टोक अर्थला जोडलेले असते. ते न पाहता आजच्या सवयीने बॅटरी जोडली, तर दुरुस्ती महागात पडते.

केटरिंग यांचे पुढील आयुष्य याहून मोठ्या पटावर घडले. डेल्को जनरल मोटर्सच्या छत्राखाली गेली आणि १९२० ते १९४७ या काळात त्यांनी त्या कंपनीचे संशोधन सांभाळले. त्यांनाही अपयश आले. पंखांसारख्या तांब्याच्या पट्ट्यांनी थंड होणारे त्यांचे इंजिन १९२३ मध्ये बाजारातून परत बोलवावे लागले. दुसरीकडे, त्यांनी पुढाकार घेतलेल्या हलक्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनाने रेल्वेतील वाफेचे युग संपवण्यास हातभार लावला. १९९९ पासून भारतीय रेल्वेत आलेली डब्ल्यूडीजी-४ ही इंजिने त्याच घराण्यातील आहेत.

या चरित्राला काळी बाजूही आहे. इंजिनातील ठोक्याचे खापर त्यांच्या प्रज्वलन पद्धतीवर फोडले जात होते. त्यावरील उपाय शोधताना त्यांचे सहकारी थॉमस मिजली यांना १९२१ मध्ये शिसेयुक्त रसायन सापडले. १९२४ मध्ये ते विकणाऱ्या कंपनीचे अध्यक्षपद केटरिंग यांच्याकडे आले आणि त्याच वर्षी न्यू जर्सीतील कारखान्यात पाच कामगार शिशाच्या विषबाधेने दगावले. आरोग्यतज्ज्ञांनी इशारे दिले, तरी विक्री थांबली नाही. भारतात असे पेट्रोल २००० मध्ये बंद झाले आणि जगातून ते हद्दपार व्हायला २०२१ साल उजाडले. दरम्यान किती मुलांच्या मेंदूवर या शिशाचा परिणाम झाला, याचा हिशेब या थोर संशोधकाच्या खात्यावर मांडावाच लागतो.

१९४५ मध्ये आल्फ्रेड स्लोन यांच्यासह त्यांच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये कर्करोग संशोधन संस्था उभी राहिली. पुढच्याच वर्षी त्यांच्या पत्नी ऑलिव्ह यांचे कर्करोगाने निधन झाले. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटन येथे केटरिंग यांनी अखेरचा श्वास घेतला. त्यांच्या नावावर १८० हून अधिक पेटंटे होती.

आजच्या गाड्यांत पॉइंट राहिले नाहीत. विजेवर चालणाऱ्या मोटारींना तर स्टार्टरचीही गरज नाही. तरीही पडवीतल्या जुन्या गाडीच्या बॅटरीचे टोक घासून, घट्ट आवळून कोणी किल्ली फिरवतो आणि इंजिन गुरगुरत जागे होते, तेव्हा डेटनच्या कोठारातले ते काम पुन्हा एकदा सिद्धीस जाते. मनगट शाबूत ठेवून गाडी सुरू होते, ही त्या अधू डोळ्यांच्या माणसाची देणगी आहे.